पावत्या सगळ्या जागेवर होत्या: वेस्टमिन्स्टर कौन्सिलच्या घरविक्रीचं लेखापरीक्षण

लेखापरीक्षणाच्या नस्त्यांमध्ये मला सर्वांत जास्त भेटलेलं वाक्य म्हणजे ‘अनुपालन यथावकाश सादर करण्यात येईल’. एका नगर परिषदेच्या लेखा शाखेत मी एकवीस वर्षं काढली. स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक यायचं. सभागृहाशेजारच्या खोलीत आम्ही दोन टेबलं मांडून द्यायचो, रोकडवह्या आणि प्रमाणकांचे, म्हणजे खर्चाच्या पावत्यांचे, गठ्ठे नेऊन ठेवायचो, आणि दुपारपासून अर्धसमास पत्रं, म्हणजे लेखापरीक्षकांच्या लेखी विचारणा, यायला लागायची. देयकावर मोजमाप पुस्तिकेचा पान क्रमांक नाही. निविदेच्या जाहिरातीचं कात्रण नस्तीत नाही. अनामत रक्कम परत दिल्याची पावती नाही. मग आम्ही कपाटं पालथी घालायचो, कागद सापडला की साक्षांकित प्रत जोडायचो, आणि आक्षेप वगळला जायचा. सगळी धावपळ कागद आहे की नाही याचीच. तो पैसा मुळात कुणाच्या भल्यासाठी खर्च झाला, असं विचारणारं अर्धसमास पत्र मला एकवीस वर्षांत एकदाही आलं नाही.

वेस्टमिन्स्टरचं प्रकरण मी निवृत्त झाल्यावर वाचलं आणि पुढे कित्येक दिवस ते डोक्यातून गेलं नाही. लंडनच्या मधोमध असलेल्या या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगर परिषदेच्या, दप्तरात कागदांची वाण नव्हती. समितीचा ठराव होता. अधिकाऱ्यांची टिपणी होती. ज्येष्ठ वकिलाचा सल्लासुद्धा घेतलेला होता. माझ्यासारख्या लेखापालाकडे ती नस्ती आली असती तर मी शेवटच्या पानावर सही करून ती पुढे पाठवली असती. तिथल्या लेखापरीक्षकाने मात्र तेच कागद वाचून सांगितलं की हे सगळं बेकायदा आहे आणि ज्यांनी हे घडवून आणलं त्यांनी नुकसान स्वतःच्या खिशातून भरून द्यावं. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने शेवटी त्याचं म्हणणं उचलून धरलं, पण त्याला बारा वर्षं लागली.

काठावरचे आठ प्रभाग

वेस्टमिन्स्टर म्हटलं की संसद, बकिंगहॅम राजवाडा आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटची दुकानं डोळ्यांपुढे येतात. त्याच हद्दीत कौन्सिलच्या मालकीची हजारो भाड्याची घरंही होती. कौन्सिलचं घर ही व्यवस्था आपल्याकडे तशीच्या तशी नाही, म्हणून थोडं सांगते. म्हाडा सोडत काढून घर विकते. तिथे घर कौन्सिलच्याच मालकीचं राहतं, कुटुंब भाडं भरतं, आणि घर रिकामं झालं की ते यादीतल्या पुढच्या गरजू कुटुंबाला मिळतं. बेघर कुटुंबांची सोय करणं हे तर कौन्सिलवर कायद्याचं बंधन. राहत्या भाडेकरूला आपलं घर विकत घेण्याचा हक्क १९८० च्या कायद्याने मिळाला होता, पण हे प्रकरण त्या हक्काचं नाही. हे प्रकरण रिकाम्या झालेल्या घरांचं आहे. असं प्रत्येक घर कुणाच्या तरी वाट्याचं असतं, फक्त त्या कुटुंबाचं नाव अजून लिहायचं असतं.

मे १९८६ च्या निवडणुकीत ६० जागांच्या या कौन्सिलमध्ये हुजूर पक्षाचं बहुमत २६ वरून ४ वर आलं. पिढ्यान्‌पिढ्या हातात असलेली कौन्सिल थोडक्यात वाचली होती. नेत्या होत्या शर्ली पोर्टर, टेस्को या दुकानसाखळीचे संस्थापक जॅक कोहेन यांची मुलगी, १९८३ पासून कौन्सिलच्या प्रमुख. काटकसरीबद्दल आणि खमकेपणाबद्दल त्यांचं नाव होतं. त्याच कारकिर्दीत, १९८७ मध्ये, देखभालीचा खर्च नको म्हणून कौन्सिलने तीन दफनभूमी एकूण १५ पेन्सला विकून टाकल्या. ज्यांची माणसं तिथे पुरलेली होती त्यांनी कौन्सिलच्या दारात जे रान उठवलं, ते एक वेगळंच प्रकरण आहे.

निकालाचा धसका घेतलेल्या नेतृत्वाने पुढच्या, म्हणजे १९९० च्या, निवडणुकीची तयारी लगेच सुरू केली. जिथे थोड्या मतांनी पारडं फिरू शकतं असे आठ प्रभाग हेरले. त्यांत मिलबँक होता, बेजवॉटर होता. हिशेब सरळ होता. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा मतदार हुजूर पक्षाकडे झुकतो, कौन्सिलचा भाडेकरू मजूर पक्षाकडे. तेव्हा या आठ प्रभागांत भाड्याचं घर रिकामं झालं की ते पुन्हा भाड्याने द्यायचंच नाही, सवलतीत विकायचं. या धोरणाला नाव दिलं ‘बिल्डिंग स्टेबल कम्युनिटीज’, स्थिर वस्त्या उभारणे. आठ प्रभागांत वर्षाला २५० घरं विकायची, असं उद्दिष्ट ठरलं.

पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि ज्यांनी सरकारी टिपण्या लिहिल्या आहेत त्यांना तो लगेच कळेल. मे १९८७ मध्ये जेरेमी सलिव्हन या ज्येष्ठ वकिलांचं मत घेतलं गेलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की फक्त काठावरच्या प्रभागांत घरं विकता येणार नाहीत, विक्रीसाठी इमारती निवडायच्या तर त्या साऱ्या शहराचा विचार करून, प्रभाग कुठला हे न बघता निवडायला हव्यात. या सल्ल्यावर नेतृत्वाने उद्दिष्ट सोडलं नाही, त्याची चौकट तेवढी मोठी केली. साऱ्या शहरात वर्षाला ५०० घरं विकायची, म्हणजे त्यातून आठ प्रभागांत २५० होतातच. ८ जुलै १९८७ ला गृहनिर्माण समितीने ठराव केला. विक्रीसाठी ज्या इमारती निवडल्या त्यांतली ७४ टक्के घरं त्या आठ प्रभागांतच निघाली.

मी ही ओळ तीन वेळा वाचली. ठरावात काठावरच्या प्रभागांचा उल्लेख नव्हता. कुठल्याही एका प्रमाणकावर बोट ठेवून ‘हे चूक आहे’ म्हणता आलं नसतं. सगळा गुन्हा त्या ७४ मध्ये होता, आणि तो आकडा कुठल्याच एका कागदावर लिहिलेला नसतो. इमारतींची यादी घ्यायची, शेजारी प्रभागाचा रकाना आखायचा आणि बेरीज करायची, तेव्हा तो दिसतो.

या धोरणाची जी खूण रस्त्यावरून दिसायची ती म्हणजे लोखंडी पत्र्याचे दरवाजे. विक्रीसाठी राखलेल्या इमारतीत घर रिकामं झालं की गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याला पोलादी दार ठोकलं जाई, कुणी घुसू नये म्हणून. त्या जिन्यावर उरलेल्या भाडेकरूंच्या शेजारी अशी बंद दारं दिवसेंदिवस वाढत गेली. आणि ज्यांच्यासाठी ती घरं होती त्या बेघर कुटुंबांना कौन्सिल तात्पुरत्या खोल्यांमध्ये, हद्दीबाहेरसुद्धा, ठेवत होती. लहान मुलं असलेली कुटुंबं एका खोलीत, स्वयंपाकाला गॅस नाही, शाळा तासाच्या अंतरावर, असं जगणं कुणाच्या वाट्याला आलं तर ते कशामुळे, याचं उत्तर त्या पत्र्याच्या दारापाशी सापडतं. १९८९ मध्ये शंभराहून अधिक बेघर कुटुंबं हर्मीस पॉइंट आणि चँट्री पॉइंट या दोन उंच इमारतींत हलवली गेली. त्या इमारतींमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होता.

१९९० ची निवडणूक हुजूर पक्षाने ६० पैकी ४५ जागा घेऊन जिंकली. पुढच्या वर्षी पोर्टरबाईंना ‘डेम’ हा किताब मिळाला.

आक्षेप घेण्याचा हक्क

प्रकरण बाहेर कसं आलं? विरोधी नगरसेवकांनी आरडाओरडा केला, बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने जुलै १९८९ मध्ये ते देशापुढे मांडलं, हे खरंच. पण आरडाओरडा आणि कार्यक्रम दोन्ही विरून जातात. इथे ते विरलं नाही, कारण इंग्लंडच्या कायद्यात एक जुनी सोय होती. स्थानिक संस्थेचा कोणताही मतदार वर्षाचे हिशेब, पावत्या, करार उघडून पाहू शकतो, उतारे घेऊ शकतो, आणि लेखापरीक्षकापुढे उभं राहून लेखी आक्षेप घेऊ शकतो. त्या आक्षेपावर निर्णय देणं लेखापरीक्षकाला टाळता येत नसे. शर्ली पोर्टर यांच्या कौन्सिलविरुद्ध स्थानिक मतदारांनी, त्यांत काही मजूर पक्षाचे नगरसेवकही होते, हाच मार्ग धरला. पोलिसांत तक्रार नव्हती, मंत्र्याला निवेदन नव्हतं. हिशेबांवर घेतलेला एक आक्षेप होता.

तो आक्षेप ज्यांच्यापुढे गेला ते जॉन मॅगिल हे एका मोठ्या खाजगी लेखापरीक्षण संस्थेतले भागीदार. कौन्सिलने त्यांना नेमलेलं नव्हतं आणि मंत्र्यानेही नाही. त्यांची नेमणूक ऑडिट कमिशनची. १९८२ च्या कायद्याने निर्माण झालेला हा आयोग १९८३ पासून इंग्लंड-वेल्समधल्या स्थानिक संस्थांचे लेखापरीक्षक ठरवत असे. आयोग उभा करणारं सरकार हुजूर पक्षाचं, सापळ्यात सापडलेली कौन्सिल हुजूर पक्षाची, आणि पुढची आठ वर्षं, चौकशीचा सगळा काळ, केंद्रात सत्ता त्याच पक्षाची. तरी चौकशी चालू राहिली. सरकारचं नियंत्रण हवं असं आपण सहज म्हणतो. इथे नियंत्रण सरकारने बांधलेल्या यंत्रणेचं होतं आणि दोर सरकारच्या हातात नव्हता. माझ्या मते या प्रकरणाचा कणा हाच आहे.

मॅगिल यांच्या हातात हत्यारही जबर होतं. १९ व्या शतकापासून इंग्लंडमधल्या जिल्हा लेखापरीक्षकाला अधिभार बसवण्याचा अधिकार होता, म्हणजे बेकायदा खर्चाची किंवा नुकसानीची रक्कम संबंधित माणसाकडून व्यक्तिशः वसूल करण्याचा. आमच्याकडे मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम १९३० मध्ये अधिभार आला तो याच घराण्यातून. १९८० च्या दशकात हा अधिकार प्रामुख्याने मजूर पक्षाच्या कौन्सिलांवर चालला होता. १९८५ मध्ये कराचा दर ठरवायला उशीर केला म्हणून लिव्हरपूलच्या ४७ नगरसेवकांवर मिळून १,०६,१०३ पौंडांचा अधिभार बसला आणि त्यांची पदंही गेली. त्यामुळे अधिभार म्हणजे मजूर पक्षाला झोडायची काठी, असा एक समज होता. तीच काठी आता दुसऱ्या बाजूला वळली.

पण ती उचलण्यासाठी एक अवघड अट होती. नुकसान झालं एवढं पुरेसं नव्हतं. ते ‘विलफुल मिसकंडक्ट’मुळे, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनामुळे झालं असं दाखवावं लागे: चूक आहे हे ठाऊक असून केलं, किंवा चूक आहे की बरोबर याची पर्वाच केली नाही. हेतू सिद्ध करायचा तर पावत्या पुरत नाहीत. त्यासाठी ठरावाआधीचे कागद लागतात, नेत्यांच्या बैठकांची टिपणं, प्रभागवार उद्दिष्टांचे तक्ते, अधिकाऱ्यांनी वर पाठवलेले मसुदे. मॅगिल तिथे गेले. समितीपुढे आलेल्या टिपणीत जे लिहिलं नव्हतं, ते आधीच्या कागदांत लिहिलेलं होतं.

१३ जानेवारी १९९४ ला त्यांनी तात्पुरते निष्कर्ष जाहीर केले. दहा जण जबाबदार, नुकसान २ कोटी १२ लाख ५० हजार पौंड. त्या दिवशी त्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे निवेदन केलं, आणि हीच गोष्ट पुढे त्यांच्यावर उलटवण्याचा प्रयत्न झाला. चौकशी करणारा, आरोप ठेवणारा आणि निवाडा देणारा एकच माणूस, तोही सुनावणीआधी पत्रकारांपुढे, मग पूर्वग्रह नाही कसा? मला हा प्रश्न रास्त वाटतो. कागदपत्रांत नाव असलेल्या एकाने या निष्कर्षांनंतर थोड्याच काळात जीव दिला, हे विसरून लेखापरीक्षकाच्या धाडसाचं कौतुक करता येणार नाही. लेखापरीक्षकाच्या शब्दाला वजन असतं, आणि ते वजन माणसांवर पडतं. मॅगिल यांनी ते निवेदन छापील स्वरूपात द्यायला हवं होतं असं माझं मत आहे. लॉर्ड्सनीही, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानेही, पुढे त्यांचं हे वागणं चुकीचं म्हटलं, पण वस्तुस्थिती माहीत असलेल्या, समतोल बुद्धीच्या त्रयस्थाला पूर्वग्रहाची खरी शक्यता दिसेल का, ही कसोटी लावून तो आरोप फेटाळला. इंग्लंडच्या न्यायालयांत पूर्वग्रहाची कसोटी म्हणून आजही हाच निकाल वाचला जातो.

मग तोंडी सुनावणी झाली, आणि मे १९९६ मध्ये अंतिम निर्णय आला. तीन नगरसेवक आणि तीन अधिकारी, सहा जण मिळून देणे लागतात: ३ कोटी १६ लाख ७७ हजार ०६४ पौंड.

नुकसान कशाला म्हणायचं

लेखा शाखेतल्या माणसाला या आकड्याचं कुतूहल वाटणारच. कौन्सिलने घर विकलं, त्याचे पैसे तिजोरीत आले, मग तोटा कुठला? आमच्या पद्धतीने पाहिलं तर जमेच्या बाजूला रक्कम दिसते आणि विषय संपतो. लेखापरीक्षकाने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. विक्रीचा निर्णयच बेकायदा असेल, तर त्या निर्णयाखाली कौन्सिलने जे सोडून दिलं ते सगळं नुकसान. घराचा बाजारभाव आणि सवलत देऊन घेतलेली किंमत यांतला फरक हा त्याचा गाभा. घर रिकामं ठेवल्यामुळे बुडालेलं भाडं, बेघरांच्या तात्पुरत्या सोयीवरचा जादा खर्च, व्याज, हे हिशेब त्याच विचारातून निघतात. खरेदीदाराला दिलेली सूट एरवी धोरणाचा भाग म्हणून कुणी विचारातही घेत नाही. इथे ती सूट म्हणजे पक्षाच्या मतांसाठी करदात्याच्या पैशाने भरलेली रक्कम ठरली.

डिसेंबर १९९७ मध्ये प्रकरण डिव्हिजनल कोर्टापुढे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे, आलं. सहापैकी चौघे सुटले. शर्ली पोर्टर आणि उपनेते डेव्हिड वीक्स दोषी राहिले, रक्कम २ कोटी ६४ लाख ६२ हजार ६१२ पौंडांवर आली. दोघांनीही लेखापरीक्षकाशी आणि न्यायालयाशी खोटेपणा केला, असं न्यायालयाने नोंदवलं. १९९९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने हे सगळं दोन विरुद्ध एक मताने फिरवलं. राजकारणी माणूस मतांचा विचार करणारच, आणि यांनी तर वकिलाच्या सल्ल्यावर भिस्त ठेवली होती, असा त्या बहुमताचा सूर होता.

हा सूर ऐकायला पटण्यासारखा आहे. आमच्याकडेही नगरसेवक सरळ म्हणतात, ‘मी माझ्या प्रभागात कामं आणली तर त्यात चूक काय?’ आणि खरंच, चूक काहीच नाही. म्हणून लॉर्ड्सचा १३ डिसेंबर २००१ चा निकाल जपून वाचायला हवा. लॉर्ड बिंगहॅम यांनी नगरसेवकांकडून साधुसंतांची अपेक्षा केलेली नाही. लोकांना आवडेल असं धोरण राबवावं आणि त्याच्या जोरावर मतं मिळण्याची आशा धरावी, यात त्यांना काही गैर दिसत नाही, लोकशाही चालते ती अशीच. मात्र कायद्याने दिलेला अधिकार ज्या सार्वजनिक कामासाठी दिला आहे त्याच कामासाठी वापरायचा असतो. घरं विकण्याचा अधिकार घरांच्या प्रश्नासाठी आहे. तो मतदार बदलण्यासाठी वापरला की बेकायदा झाला, मग वरून गृहनिर्माणाचं कितीही सुंदर कारण लिहिलेलं असो. वकिलाच्या सल्ल्याचा आडोसाही टिकला नाही. सल्ला जे करू नका म्हणत होता तेच त्यांनी मोठ्या चौकटीत बसवून केलं, आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना ठाऊक होतं. लॉर्ड स्कॉट यांनी तर सुरुवातच अशी केली की हा राजकीय भ्रष्टाचाराचा खटला आहे. इथे कुणी लाच घेतली नव्हती, पैशाचा भ्रष्टाचार नव्हता, पण सार्वजनिक सत्ता पक्षाच्या फायद्यासाठी वापरली गेली.

पाचही न्यायाधीशांनी लेखापरीक्षकाचं म्हणणं मान्य केलं. २ कोटी ६४ लाख ६२ हजार ६१२ पौंड कायम झाले.

वसुली हा वेगळाच वनवास ठरला. पोर्टरबाई १९९४ मध्येच इस्राएलला गेल्या होत्या. व्याज आणि खर्च धरून देणं ४ कोटी पौंडांच्या वर गेलं होतं, तेव्हा आपल्याकडे सुमारे ३ लाख पौंडांची मालमत्ता आहे असं त्यांनी सांगितलं. टेस्कोच्या घरातल्या बाई. परदेशातल्या खात्यांचा माग काढता काढता २००४ उजाडलं, आणि कौन्सिलने १ कोटी २३ लाख पौंडांवर तडजोड केली. आक्षेप घेतल्यापासून पंधरा वर्षं. २००९ मध्ये त्याच पक्षाचे तेव्हाचे कौन्सिल नेते कॉलिन बॅरो यांनी झाल्या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली.

नंतर काय झालं

निकाल आला तेव्हा अधिभाराचा कायदाच मावळतीला लागला होता. २००० च्या कायद्याने ती तरतूद रद्द झाली. एकट्या लेखापरीक्षकाच्या हातात एवढी सत्ता नको, हा विचार मला समजतो. त्यानंतर मात्र पाडापाडी थांबली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये सरकारने ऑडिट कमिशनच बंद करण्याची घोषणा केली, आणि ३१ मार्च २०१५ ला आयोगाला कुलूप लागलं. खर्च वाचेल, खाजगी संस्थांची स्पर्धा होईल, स्थानिक लोकच लक्ष ठेवतील, अशी कारणं तेव्हा दिली गेली. परिणाम असा झाला की २०२२-२३ च्या हिशेबांची मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली तेव्हा ४६७ स्थानिक संस्थांपैकी फक्त ५ संस्थांचं लेखापरीक्षण वेळेत पुरं झालं होतं. मागची थकबाकी धरून अपुऱ्या लेखापरीक्षणांचा आकडा ९०० च्या पुढे गेला. मग सरकारने १३ डिसेंबर २०२४ ही शेवटची तारीख ठरवली, आणि शेकडो हिशेबांवर लेखापरीक्षकांनी ‘मत देता येत नाही’ एवढंच लिहून ते बंद केले. त्याच महिन्यात स्थानिक लेखापरीक्षणासाठी नवं स्वतंत्र कार्यालय काढण्याची घोषणा झाली. जे पाडलं होतं तेच वेगळ्या नावाने पुन्हा बांधायला काढलं आहे, आणि ते लवकर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. मत न देता बंद केलेल्या त्या हिशेबांत एखादा ७४ चा आकडा असेल, तर तो आता कुणी काढणार नाही.

मतदाराचा हक्क मात्र अजून शाबूत आहे. दर वर्षी ३० कामकाजाचे दिवस तिथल्या कौन्सिलचे हिशेब मतदारांसाठी खुले असतात, आणि आक्षेप घेता येतो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझ्या गावच्या नगर परिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. पावत्या मागितल्या नाहीत. गेल्या पाच वर्षांत पेव्हर ब्लॉक, गटार आणि हायमास्ट दिव्यांची जी कामं झाली त्यांची यादी, रकमेसह आणि प्रभागासह, एवढंच मागितलं. मुदतीत उत्तर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. एकेचाळीस पानं, प्रत्येक पानावर शिक्का, कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, प्रमाणक क्रमांक, सगळं जागेवर. प्रभागाचा रकाना तेवढा नाही. ‘सदर स्वरूपात माहिती संकलित केलेली नाही’, असं खाली लिहिलं आहे. कामाच्या नावात गल्लीचा, मंदिराचा, शाळेचा उल्लेख असतो, आणि गाव माझं आहे. म्हणून पट्टी घेऊन उजवीकडच्या समासात मी एक उभी रेघ ओढली आणि पेन्सिलीने प्रभाग क्रमांक भरायला बसले आहे. आज सतराव्या पानावर आहे.